तिखट-मिठाच्या डब्यातला रोटर

जे सांगायला बसले आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, नवऱ्याला नाही, रामटेकच्या पायऱ्या चढताना रामालासुद्धा नाही — आणि रामाला तर मी सगळं सांगते, गुडघ्याच्या दुखण्यापासून सुनेच्या खारट वरणापर्यंत. तुम्ही अनोळखी, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात. तासाभरापासून नुसती बसून आहे.

गाडीपासून सुरुवात करते. गाडीबद्दल बोलायला जड जात नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही नागपुरात, प्रताप नगरात राहायचो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी एक दुसऱ्या हाताची हिरवी गाडी घेतली. घराला गॅरेज नव्हतं. गाडी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी राहायची आणि तिच्या दाराचं कुलूप असलं की केसातला आकडा फिरवला तरी उघडावं. म्हणून आमच्या घरची एक रीत पडली होती. रोज संध्याकाळी यजमान बॉनेट उघडून रोटर काढायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे.

रोटर म्हणजे काय, ते सांगते. इंजिनात एक काळी टोपी असते, दोन चापांनी बसवलेली. तिच्याखाली अंगठ्याच्या पेराएवढा एक तपकिरी तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. इंजिन फिरलं की तो फिरतो आणि चारही प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटतो — पंगतीत वाढपी फिरतो तसा. तो काढून घेतला की गाडी म्हणजे नुसता पत्रा, चोरानं कितीही झटापट केली तरी हलत नाही. किल्ली यजमानांच्या खिशात आणि रोटर माझ्या तिखट-मिठाच्या डब्यात. सात वाट्यांतली एक रिकामी होती, त्यात. हळदीच्या वाटीला लागून. त्यामुळे त्या रोटरला कायम थोडी पिवळी झाक असायची, आणि त्यावरून घरात थट्टाही व्हायची की आमच्या गाडीला रोज हळद लागते.

गाडीतला माझा वाटा तेवढाच. त्याचा मला केवढा अभिमान होता, सांगू? आता हसू येतं. तेव्हा नाही यायचं.

कारण त्याआधी एक झालं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. माहेर रामटेकजवळच्या खेड्यातलं, धानाची शेती, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. गाडी घरी आल्यावर यजमानांनी आधी मलाच शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी मी ती फाटकाच्या खांबावर घातली. ते रागावले नाहीत. हसले. “राहू दे वं, हे तुहं काम नाही.” रागावले असते तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले असते. हसण्यावर काय उत्तर असतं?

मग त्या जागेवर कुसुम बसली. माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कॉलेजची शेवटची परीक्षा दिलेली, दोन वेण्या, हातावर कायम ग्रीसचा डाग. ती आठ दिवसांत गाडी शिकली आणि महिन्याभरात इंजिन उघडायला लागली. आवाज ऐकून सांगायची — दादा, हे पेट्रोलचं नाही, हे करंटचं आहे. आणि तसंच निघायचं.

माझं तिच्याशी वाईट होतं का? नाही. हेच तर. माझ्या पहिल्या बाळंतपणात ती रात्ररात्र जागली होती. माझ्या वाटचे कपडे धुवायची, माझ्या बोलण्याची कोणी नक्कल केली तर त्याच्याशी भांडायची. मला वहिनी म्हणायची आणि मनापासून म्हणायची. पण संध्याकाळी ते दोघं बहीण-भाऊ बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले, आणि मी दोन कप चहा घेऊन मागे उभी राहिले, की चहावर साय धरेपर्यंत कोणी वळून पाहायचं नाही. कॉइल, पॉइंट, प्लग — त्यांची एक भाषा झाली होती. नवरा माझ्याशी काय बोलायचा? भाजी कोणती आणू. आणि तिच्याशी? तिच्याशी त्याचे डोळे चमकायचे.

लोक म्हणतात पोटात दुखतं. खरंच दुखतं. मला तर इथे, बरगडीखाली दुखायचं.

आणि एक गोष्ट — ही तर त्याहूनही लपवलेली आहे — मलाही कळत होतं. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गाडीवर उघडायची. पोळ्या लाटता लाटता मी सगळं ऐकलं, सगळं पाहिलं. टोपीचे चाप कसे उघडतात, ठिणगी ज्यांच्या जोरावर पडते त्या पॉइंटमधली फट पोस्टकार्ड घालून कशी मोजतात, ठिणगी निळी असली तर चांगली आणि पिवळी असली तर अशक्त. इंजिन कुरकुरलं की मला घरात बसून कळायचं कुठे दुखतं आहे ते. पण मला कोणी विचारलं का? आणि मी तरी कधी पुढे होऊन बोलले का? नाही. मी कणीक तिंबली.

आता माझ्या माहेरचं सांगते, कारण तिथेच माझ्या मनात खरी काडी पडली. पौषात आम्ही सगळे गाडीनं माझ्या माहेरी गेलो. आमच्या खेड्यात मोटारीनं आलेली मी पहिली लेक. सीताबर्डीवरून खास त्यासाठी लाल नेलपॉलिश आणली होती, आयुष्यातली पहिली. एक दिवस अगदी राणीसारखी वावरले. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी, अर्धं गाव अंगणात जमलेलं असताना, गाडी सुरू होईना.

कुसुमनं पदर खोचला. आधी पेट्रोल पाहिलं, मग कॉइलची, म्हणजे जिथून करंट येतो तिथली, जाड वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली — निळी ठिणगी. म्हणजे इथवर ठीक. मग प्लगाची वायर — काहीच नाही. “करंट मधातच कोणीतरी खाऊन राहिलं,” म्हणाली. रोटर काढून उन्हात धरला. त्याच्या पोटाला केसाएवढी चीर गेली होती. तिथून करंट झिरपत होता. मग ती माझ्याकडे वळली. “वहिनी, तुही नेलपॉलिश दे वं.”

माझी नेलपॉलिश तिनं त्या चिरेत भरली, उन्हात वाळवली, रोटर बसवला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पोरं नाचली. आणि माझे बाबा, ज्यांनी माझ्या मॅट्रिकच्या निकालालाही नुसती मान हलवली होती, ते जावयाला म्हणाले, “हे पोरगी नाही गा, हे तं इंजिनेर आहे!” मग माझ्याकडे पाहिलं. “सुमे, पाहून शिक काही.”

माझ्याच अंगणात. माझ्याच बाबांनी. माझ्याच नेलपॉलिशवर.

नागपूरला आल्यावर नवा रोटर घेतला. जुना यजमानांनी फेकला नाही, अडीअडचणीला असू दे म्हणाले, आणि मी तो शिवणयंत्राच्या खणात बटणांमध्ये टाकला. लाल चिरेसकट. तेव्हा माझ्या मनात काहीही नव्हतं, एवढं तरी खरं आहे.

उन्हाळ्यात कुसुमच्या नोकरीचा विषय निघाला. धरमपेठेत मोटार शिकवायची एक शाळा होती. तिच्या मालकांना बायकांना शिकवायला एक बाई हवी होती. यजमानांनी शब्द टाकला. मामाजींना हे मुळीच पसंत नव्हतं. भंडाऱ्याचं एक स्थळ दारात उभं होतं, चांगलं, खाऊन-पिऊन सुखी. पण पोरगी तीन दिवस जेवली नाही तेव्हा ते एक पाऊल मागे आले. म्हणाले, रविवारी सकाळी त्या मालकांना घरी बोलवा. कुसुम, तू त्यांच्यासमोर गाडी सुरू कर, त्यांना बसवून चक्कर मारून आण. ते हो म्हणाले तर नोकरी कर. नाही तर मुकाट्यानं भंडाऱ्याला हो म्हणायचं.

शनिवारी संध्याकाळी तिनं सगळी गाडी पुसली. पॉइंट साफ केले, पोस्टकार्ड घालून फट मोजली आणि मला हाक मारली — ये वहिनी, तू पण पाहा, बरोबर आहे ना? मी वाकून पाहिलं. पोस्टकार्ड अलगद सरकत होतं. बरोबर होतं. यजमानांनी रोटर काढून माझ्या हातावर ठेवला आणि तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, “उद्या तू आपलं नाव काढशीन.”

आपलं. त्यात मी होते का? मी रोटर वाटीत ठेवला आणि भाताला आधण ठेवलं.

आता येतेच त्याच्याकडे. फार फिरवलं तुम्हाला.

रविवारी सकाळी पोहे भिजत घातले. घरात कोणी आंघोळीला, कोणी देवघरात. मी शिवणयंत्राचा खण उघडला, जुना रोटर काढला आणि एका पिनेनं त्याच्या चिरेतली नेलपॉलिश खरवडून काढली. सगळी. फुंकर मारून पाहिली. मग तो नव्या रोटरशेजारी धरला — नवा हळदीनं पिवळट, हा खणात पडून पुन्हा तपकिरी. कुसुमच्या नजरेला फरक लगेच कळला असता. म्हणून मी चिमूटभर हळद घेतली आणि त्याला लावली. पितळेच्या कडेला, खाचेत, बोटानं चोळून. नवा रोटर पोह्यांच्या डब्यात खाली दाबला.

किती वेळ लागला असेल? पोहे भिजायला लागतो तेवढा. मग बोटाची हळद पदराला पुसली. हे लक्षात आहे.

कुसुम आली, ओल्या केसांनी. हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर तो रोटर ठेवला.

नऊ वाजता मालक आले. म्हातारे, गरीब स्वभावाचे, छत्री घेऊन. कुसुम स्टिअरिंगवर बसली, स्टार्टर ओढला. इंजिन नुसतं फिरत राहिलं. पुन्हा. पुन्हा. मी खिडकीत. ती उतरली, घाबरली नव्हती. पेट्रोल पाहिलं — आहे. कॉइलची वायर धरली — ठिणगी निळी. प्लगाची — काही नाही. अगदी तेच, माझ्या माहेरच्या अंगणातलं. ती बरोबर तिथे पोचली. एका पावलावर. टोपी उघडून तिनं रोटरला हात घातला, थांबली आणि मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

“वहिनी, रोटर नवाच देला ना?”

“हो वं, नवाच.”

एवढंच. दोन-तीन शब्द.

तिला रोटर तपासायची रीत माहीत होती, एका मिनिटाचं काम. पण तिनं तपासला नाही. वहिनीनं सांगितलं म्हणजे झालं. रोटर सोडून दिला. आणि मग — मी हे पाहत होते, मला कळत होतं ती काय करते आहे ते — मग तिला तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ठिणगी खोटी वाटू लागली. ठिणगी निळी नसेल, अशक्त असेल. म्हणजे पॉइंट. म्हणजे काल आपणच हात लावला ते. तिनं चांगले बसवलेले पॉइंट सैल करून हलवले. तिथून सगळं विसकटत गेलं. बॅटरी उतरली, यजमानांनी हँडल मारून मारून हाताला फोड आणले, पेट्रोलचा वास गल्लीभर झाला. पाऊण तासानं मालक उठले, यंत्र आहे, होतं असं, म्हणाले आणि सायकल रिक्षा बोलावून निघून गेले. पोहे तसेच राहिले. मामाजी ओरडले नाहीत. म्हणाले, “झालं? हात धू.”

दुपारी सगळे आत पडले होते तेव्हा मी वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून बाहेर गेले, बॉनेट उचललं, दोन चाप उघडले, जुना रोटर काढून पोह्यांच्या डब्यातला नवा बसवला, चाप लावले. सराईतासारखे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या इंजिनाला हात लावला तो असा.

संध्याकाळी सक्करदऱ्याहून मिस्त्री आला. त्यानं पॉइंटची फट ठीक केली, हँडल मारलं, गाडी सुरू. हसून म्हणाला, “काहीच नव्हतं साहेब. पॉइंट बिघडवून ठेवले होते. ताईनं हात लावला असंन.” मामाजींनी मान डोलावली. यजमानांनी मिस्त्रीला पैसे दिले. कुसुमकडे पाहायचं त्यांनी टाळलं, आणि ते तिनं पाहिलं.

ती स्वयंपाकघरात आली. माझ्याजवळ जमिनीवर बसली. रडत नव्हती. “वहिनी, पॉइंट बरोबर होते ना वं काल? तुनं पाहिले होते ना पोस्टकार्ड घालून?”

तेव्हा सांगता आलं असतं. सगळं नको, निदान एवढं तरी — हो, बरोबर होते, मी पाहिले होते. एवढ्यानं ती उभी राहिली असती. माझ्या मनात आलं होतं, असंही नाही की आलं नाही.

मी म्हणाले, “मले काय कळते वं त्यातलं?”

वर्षानुवर्षं ज्याचं मला दुःख होतं — की मला काही कळत नाही असं सगळे समजतात — त्याच्याच आड मी जाऊन बसले.

तिनं पुन्हा बॉनेट उघडलं नाही. कोणी मना केलं नव्हतं. यजमान एकदा म्हणाले, चल, जरा कार्बोरेटर पाहू. म्हणाली, नको दादा, माझ्या हातानं बिघडते. दिवाळीनंतर लग्न झालं. हळद लावायला पहिला मान वहिनीचा. मी तिच्या गालाला, हाताला, तळव्यांना हळद लावली आणि ग्रीसचा डाग कुठे दिसतो का ते पाहत राहिले. कुठेच नव्हता.

आणि तुम्हाला वाटेल, मग तरी मला काय मिळालं? यजमान संध्याकाळी गाडीपाशी एकटे उभे राहायचे. दोन वर्षांनी त्यांनी ती विकून टाकली. चहा मी घरातच द्यायचे.

भंडाऱ्याचे लोक वाईट नव्हते. हे सांगायला हवं, नाही तर तुम्ही तिची कीव कराल. जावई भला माणूस, दोन मुलं झाली, घरी जीप होती. मी एकदा तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. सकाळी जीप सुरू होईना. तिचा नवरा, दीर, ड्रायव्हर, सगळे गोळा झाले, ज्याला जे वाटेल ते बोलत होता. कुसुम दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. स्टार्टर फिरला आणि मी पाहिलं — तिची मान किंचित तिरपी झाली. पूर्वी व्हायची तशीच. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. पेट्रोल वर चढत नव्हतं.

मी हळूच म्हणाले, “सांग ना वं त्याइले.”

ती हसली. खरंच हसली, मनात काही न ठेवता.

“मले काय कळते वहिनी त्यातलं?”

आणि मागे उभी राहिली. हातातल्या चहावर साय धरेपर्यंत. मीही तिच्या शेजारी उभी राहिले. दोघींनाही माहीत होतं आणि दोघींपैकी कोणी बोललं नाही.

कुसुम आहे अजून, भंडाऱ्यालाच. दर रविवारी फोन करते, गुडघा कसा आहे विचारते. मीही तिची साखर विचारते. दर रविवारी मला वेळ असतो, आणि मी सांगत नाही.

चुकून झालं नव्हतं ते. रागाच्या भरातही नाही. हळद लावून केलं.